दुसरीच्या हातून

व्हिडिओ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा होता आणि त्यात घडत काय होतं म्हणाल, तर एका पोरानं तोंड उघडलं, बस्स. जगातली पोरं दिवसाकाठी कितीदा तोंड उघडतात, रडायला उघडतात, जांभई द्यायला उघडतात, माती खायला उघडतात, कोणी त्याचे व्हिडिओ काढत नाही. पण पोराचा बाप अश्वजित सकाळपासून तेवढंच लावून बसला होता. रात्रपाळी करून खाणीतून आलेला, पापण्यांच्या कडांना कोळसा तसाच, अंघोळीचं पाणी निवून गेलेलं, आणि हा बाप्या पलंगाच्या काठावर बसून मोबाइल नाकाशी धरून पाहतोय. मोनाली ओट्याशी पातेलं घासत उभी होती. तिला वळून पाहायची गरजच नव्हती, आवाजावरून सगळं कळत होतं. आधी खुर्ची करकरायची. मग त्या पोरीचा आवाज, "चलो राजे, मर्जी तुमची." मग काहीच नाही, बराच वेळ काहीच नाही. आणि मग चमचा दातांना लागल्याचा बारीकसा टक्. राजदीपनं, तिच्या राजदीपनं, अडीच वर्षांच्या जन्मात पहिल्यांदा आपण होऊन तोंड उघडलं होतं, भोपळ्याचा घट्ट गर जिभेवर घेतला होता आणि गिळला होता. खाणं शिकवणाऱ्या कशफ मॅडमच्या हातून. अश्वजित म्हणाला, अगं ये ना, पाह्य ना एकदा. ती म्हणाली, पाह्यला, आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

सरळ सांगायचं तर तिला हेवा वाटला. आनंद झाला नाही असं नाही, तिच्या जागी दगड असता तरी त्याला झाला असता, पण आनंद दारापर्यंत आला आणि त्याच्या अंगावरून हेवा आत शिरला. व्हिडिओ तोवर गावभर झाला होता. वणीतल्या कॉलनीच्या ग्रुपवर गेला, पांढरकवड्याच्या मामांकडे गेला, अश्वजितच्या पाळीतल्या डंपरवाल्यांकडे गेला, आणि सगळीकडून अभिनंदन येत होतं, ते कोणाचं अभिनंदन होतं देव जाणे. सासूबाईंनी, म्हणजे कौसल्याबाईंनी, ओसरीवरून शेजारणीला सांगून टाकलं की बाई, त्या पोरीच्या हाताले गुण आहे. हाताला गुण! मोनालीनं आपले राखेनं आणि साबणानं भरलेले हात नळाखाली धरले. मग आपल्या हाताला काय रोग झालाय, असं तिला ओरडून विचारावंसं वाटलं, पण सासूबाई वाईट बोलल्याच नव्हत्या, त्या आनंदानं बोलल्या होत्या, आणि आनंदानं बोललेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं. त्या पोरीनं, ना लग्न ना लेकरू, बापाच्या गॅरेजवरच्या खोलीत बसून, जे आपल्याला इतक्या दिवसांत साधलं नाही ते साधलं. आणि वर म्हणते, मर्जी तुमची.

हेवा तिच्या घरचाच झाला होता तसा. राजदीप दिवस भरायच्या आधी झाला, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिला, आणि त्याला चोखताच येईना. चोखलं की दम लागे, दूध चुकीच्या वाटेनं छातीत जाई, ओठ निळे पडत. मग नाकातून पोटात नळी आली. मोनाली वाटीत दूध काढून द्यायची, नर्स ते पिचकारीनं नळीत सोडायची, आणि तिच्या अंगावरचं दूध हळूहळू, कोणी बोलावत नाही म्हटल्यावर, येईनासं झालं. शेजारच्या खाटेवरच्या बाया पोरांना पाजत. त्यांची पोरं पोट भरल्यावर खांद्यावर दूध ओकत, बाया वैतागून पदर पुसत, आणि मोनालीला त्या ओकारीचाही हेवा वाटे. आपल्या पदराला तसा आंबूस वास यावा म्हणून तिचा जीव जाई. पुढं नळीचाही हेवा वाटू लागला. ती तेवढी त्याच्या आत पोचत होती, आई नव्हती पोचत. नळी बदलायची वेळ आली की पोर कोंबडीच्या पिलासारखं फडफडायचं, आणि नर्स म्हणायची, आईनं धरा, आईनं धरलं की पोर शांत राहते. काय शांत राहते! मोनाली त्याच्या कपाळावर तळवा दाबून धरायची, दुसऱ्या हातानं हनुवटी, आणि नळी नाकातून घशात उतरत असताना तो सगळा वेळ तिच्याचकडे पाहायचा. नर्सकडे नाही, नळीकडे नाही. चिकटपट्टी लावून झाली की ती त्याला छातीशी घ्यायची आणि तो मान उलटी टाकून तिच्यापासून लांब व्हायचा. तेव्हापासून तिनं काहीही त्याच्या तोंडाशी नेलं, चमचा, बोट, नुसता रुमाल जरी, तरी त्याचे ओठ शिवल्यासारखे मिटायचे.

दिवाळीच्या सुमाराला नागपूरला एक्सरेखाली बसवून त्याला गिळायला लावून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, पातळ अजून चुकीच्या वाटेनं जातं, पाणी-दूध तोंडानं देऊ नका, पण घट्ट, मऊ, एकसारखं असलं की घसा नीट काम करतोय. म्हणजे आता घशाला काही झालेलं नाही. झालंय ते मनाला. पोराला खायचंच नाही. होळीपर्यंत तोंडानं खाणं वाढलं नाही तर नाकातली नळी काढून पोटाला भोक पाडून तिथून नळी बसवू, असंही ते म्हणाले, दुकानदार दुसरा रंग दाखवतो तितक्या सहज. आणि तुमच्या वणीतच एक मुलगी आहे म्हणाले, खाण्या-गिळण्याचंच शिकलेली, तिच्याकडे जा. ती ही कशफ. चंद्रपूरच्या रस्त्यावर जफरभाईंचं ट्रकचं गॅरेज, वर जिन्यानं गेलं की तिची खोली. खाली हातोड्याचा ठणठणाट, वर सतरंजी, रंगीत वाट्या आणि साबणाचे फुगे. पहिल्या दिवशी तिनं पोराला काही भरवलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भोपळा उकडून, घोटून टेबलावर ओतला आणि त्याला त्यात हात माखू दिले, बस्स. घरी मोनाली सांगताना हसली होती, की अन्न खेळायला देते ही बया. कशफनं तिला समजावून सांगितलं होतं की ताई, याच्या तोंडापाशी आजवर जे आलं ते दुखवायलाच आलं, म्हणून आधी त्याला कळू द्या की इथं कोणी जबरदस्ती करत नाही, तो नाही म्हणाला की नाही. आणि मग ती जे बोलली ते मोनालीच्या कानात आजपर्यंत खिळ्यासारखं बसलं होतं.

"थोडे दिवस तुमी भरवू नका त्याले. तुमी फक्त आई राहा."

भरवायचं नाही तर आई कशाची? खाली जिन्यात बसून मोनाली हे स्वतःलाच विचारत राहायची, कारण कशफनं तिला आत बसू नका असंही सांगितलं होतं. आई दिसली की पोर आधीच मान फिरवतं म्हणे. म्हणे कशाला, खरंच फिरवायचं, मोनालीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायची, कोळशाचे ट्रक जाताना पायरी थरथरायची, आणि वरून तिच्या लेकराचं हसू ऐकू यायचं. हसू! घरी नळीतून पेज सोडताना त्याचा चेहरा भिंतीसारखा असायचा. जफरभाई खालून चहा पाठवायचे, पोर कसं आहे विचारायचे, भला माणूस, आणि ती त्यांच्या मुलीबद्दल मनात काय काय बोलत चहा प्यायची. तिला वाटायचं, ही लाडीगोडी लावून पोर तोडतेय आपल्यापासून. तिला हेही कळायचं की हे खोटं आहे. कळून काही उपयोग व्हायचा नाही.

व्हिडिओ आला त्या दुपारी सासूबाई विहारात गेल्या, अश्वजित घोरायला लागला, आणि मोनालीनं जे करायचं नव्हतं ते केलं. बाजारातून कशफच्यासारखाच पिवळा चमचा तिनं आधीच आणून ठेवला होता, डब्यांच्या मागं. भोपळा उकडला, घोटला. राजदीपला तिनं खुर्चीत बसवलं, समोर बसली, आणि आवाज बारीक करून, त्या पोरीसारखा हिंदी हेल काढून म्हणाली, चलो राजे, मर्जी तुमची. पोरानं चमकून वर पाहिलं. तिच्याकडे नाही, तिच्या मागं, दाराकडे. तो त्या दुसरीला शोधत होता. काय वाटलं असेल मोनालीला? ती आपल्याच घरात, आपल्याच पोरासमोर, दुसरीचा आवाज काढून बसली होती आणि पोर म्हणत होतं, आवाज ठीक आहे पण ती कुठं आहे. तिनं चमचा पुढं केला, ओठ मिटले. पुन्हा केला, मान वळली. तेव्हा तिचा डावा हात आपोआप उठला आणि त्याच्या हनुवटीवर जाऊन बसला, जुना सराव होता त्या हाताला. तिनं जबडा दाबून चमचा आत घातला. पोर ओकलं, भोपळा ओकलं, नळीतून गेलेली सकाळची पेज ओकलं, आणि मग रडलंसुद्धा नाही, नुसतं पाहत राहिलं. तिनं फरशी पुसली, फ्रॉकसारखं लांब ते झबलं बदललं, चमचा पुन्हा डब्यांमागं ठेवला. अश्वजित उठल्यावर तिनं चहा टाकला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

त्यानंतर राजदीपनं कशफच्याही चमच्याला तोंड उघडलं नाही. पिवळा रंग दिसला की तोंड मिटलं. कशफनं चमचा बाजूला ठेवून बोट पुढं केलं, नाही. जिन्यावर मोनालीला वरचा शांतपणा ऐकू आला, आणि ही गोष्ट सांगताना जीभ अडखळते, पण तिला आत कुठंतरी गार गार वाटलं. बरं झालं! तुझ्याकडूनही नाही खात ना, बरं झालं. घरी येताना ऑटोत ती चक्क गुणगुणत होती. रात्री अश्वजितनं विचारलं, आज किती खाल्लं, ती म्हणाली, काहीच नाही, आणि त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिचं गुणगुणणं एकदम थांबलं. तिला स्वतःची किळस आली. पुढच्या खेपांनाही तेच झालं. पोराचं वजन घसरलं, डोळे मोठे दिसायला लागले, होळी जवळ येत चालली, आणि तिच्या मनात सारखं येई, याच्या पोटाला भोक पडलं तर ते डॉक्टरनं पाडलेलं नसेल, ते माझ्या हेव्यानं पाडलेलं असेल. तरी हेवा जाईना. दातात अडकलेल्या काडीसारखा तिथंच.

एक दिवस कशफनं वरून हाक मारली, ताई, आत या. मोनालीला वाटलं, कळलं हिला. पोरानं काही दाखवलं असेल, शिकलेली बाई आहे, ओळखलं असेल. ती दारात उभी राहिली. कशफनं चमचे-वाट्या सगळं उचलून ठेवलं होतं. सतरंजीवर बसून तिनं आपला घरचा डबा उघडला, पोळीचा तुकडा तोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला आणि खायला लागली. राजदीप समोर पाय पसरून बसला होता, त्याला तिनं विचारलंही नाही. ती जेवत होती, चांगली चावून, बोटं चाटून, आणि पोर तिच्या हलणाऱ्या गालांकडे एकटक पाहत होतं. मोनालीच्या अंगाचा तिळपापड झाला. भुकेल्या लेकराच्या पुढ्यात बसून ही गिळतेय, काही लाजलज्जा? ती म्हणाली, मॅडम, हे कसं काय, त्याच्यासमोर? कशफ म्हणाली, मी रोजच जेवते याच्यासमोर, पहिल्या दिवसापासून, आणि घास गिळून तिनं विचारलं, "ताई, घरी तुमी जेवता कुठं?"

"स्वयपाकघरात."

"आन् हा?"

"हा बाहेर, आजीपाशी."

"यानं तुमाले जेवताना कधी पाह्यलं काय?"

मोनालीनं आठवून पाहिलं. नाही पाहिलं. कोणालाच नाही पाहिलं. पोर नळी घेऊन घरी आलं तेव्हा कौसल्याबाईंनीच सांगून ठेवलं होतं की लेकराच्या डोळ्यादेखत कोणी तोंड हलवायचं नाही, त्याचा जीव तुटल, आणि सगळ्यांना ते पटलं होतं, न पटायला काय झालं, माणसं होती ती. अश्वजित खाणीवर डबा खाऊन यायचा. सासूबाई शेजारणीच्या ओसरीवर ताट घेऊन जायच्या. मोनाली स्वयंपाकघराचा पडदा ओढून, ओट्याशी उभ्यानं, पोराकडे पाठ करून, चार घास न चावता ढकलायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची, चोरी करून आल्यासारखी. पाहुणे आले तर त्यांनाही पडद्याआड चहा. पोर घरी आल्यापासून त्या घरात, त्याच्यावरच्या प्रेमापोटी, कोणी त्याच्यासमोर जेवलं नव्हतं.

"त्याले वाटते का हे खाणं फक्त त्याच्याच मागं लागलं आहे," कशफ म्हणाली. "घरात दुसरं कोणी खातच नाही ना."

ती साधं बोलली, ठपका ठेवला नाही, पुन्हा जेवायला लागली. उलट म्हणाली की चमच्याला हा घाबरला असेल, होते असं, तुम्ही चमचा आता कपाटात ठेवा आणि घरी त्याच्याजवळ बसून पोटभर जेवा, त्याला द्यायचं नाही, विचारायचं नाही, त्याच्याकडे पाहायचंसुद्धा नाही. हात लावला तर लावू द्या, फक्त ताटात मऊ, घट्ट असू द्या, पाणी नको, कडक तुकडा हाताशी नको. मोनाली मान हलवत राहिली, पण तिच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. म्हणजे या पोरीनं केलं काय, तर आपला डबा खाल्ला! आणि तिच्या लेकरानं जन्मात पहिल्यांदा माणूस जेवताना पाहिला तो कोणाचा चेहरा पाहिला, तर हिचा. पहिला दात दिसावा, पहिलं पाऊल दिसावं म्हणून आया टपून असतात. जेवणाशी त्याची पहिली ओळख करून देणंही तिला दुसरीवर सोडावं लागलं होतं, कारण ती पडद्याआड त्याच्यासाठी अर्धपोटी राहत होती. याच्याइतका हेवा तिला व्हिडिओचाही वाटला नव्हता.

घरी तिनं पडदा काढून धुवायला टाकला. कौसल्याबाई म्हणाल्या, "माय, लेकरापुढं खायाचं? तुले घास कसा उतरल?" आणि त्या बरोबर होत्या, उतरेना. ती राजदीपच्या शेजारी चटईवर बसली, वरण-भात कालवला, घास तोंडात घेतला, आणि तो तिथंच राहिला. पोराचे डोळे तिला गालावर जाणवत होते. डोळ्यांत पाणी आलं, तिला आत काही ढकलता येईना. तिला ओकावंसं वाटलं. असं असतं होय, तिच्या मनात आलं. असं वाटतं याला. दवाखान्यातल्या एवढ्या डॉक्टरांनी बोलून कळलं नाही ते त्या एका घासानं कळलं, आणि ती उठून मोरीत जाऊन थुंकून आली. दुसऱ्या दिवशी एक घास उतरला. मग दोन. अश्वजितही येऊन बसायला लागला, आधी लाजत, नव्या जावयासारखा. कौसल्याबाई दाराकडे तोंड करून बसायच्या, अर्धवट. राजदीप कधी पाहायचा, कधी गाडी फिरवत बसायचा, ताटाला त्यानं बोट लावलं नाही. मोनाली जेवता जेवता चोरून पाहायची, पाहायचं नाही हे माहीत असून पाहायची, आणि तिची नजर पोचली की त्याची मान फिरायची.

मग ती दुपार आली. अश्वजितचा खाणीवरून फोन आला आणि बोलता बोलता तो म्हणाला की होळीपर्यंत आपण याला रोज मॅडमकडेच ठेवू जेवणाच्या वेळी, सवय होऊन जाईल, पहिला घास त्यांच्याच हातून गेला ना, त्यांनाच जमते ते. तो बिचारा चांगल्या मनानं बोलला. मोनालीनं फोन ठेवला आणि तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांनाच जमते! सकाळपासून पोटात काही नव्हतं. सासूबाईंनी बेसन केलं होतं, तिच्या आवडीचं, घट्ट, हिरव्या मिरचीचं, लसणाचं, भाकरी तव्यावरून नुकती उतरलेली. तिनं ताट घेतलं, चटईवर मांडी ठोकली आणि खायला सुटली. रागानं खात होती. घास मोठा, त्यावर घास. मिरची झणझणीत लागली, नाक वाहायला लागलं, ते तिनं मनगटानं पुसलं आणि पुन्हा घास मोडला. कशफ, अश्वजित, नळी, होळी, सगळं त्या बेसनाबरोबर चावून टाकत होती. आणि मधेच, कधी ते तिलाही कळलं नाही, तिला ते चवदार लागायला लागलं. लसूण लागला. भाकरीचा भाजका कड लागला. किती दिवसांनी तिला जेवण लागलं होतं. तिनं बोटं चाटली, भाकरी मोडायला हात ताटात घातला, आणि तिथं आधीच एक हात होता.

छोटा, मळका, नखात माती असलेला. त्याचं बोट बेसनात रुतलं होतं. राजदीप ताटाकडे पाहत नव्हता, तिच्या तोंडाकडे पाहत होता, तिच्या चिकट ओठांकडे, वाहत्या नाकाकडे, अगदी मन लावून. तिचा उजवा हात पुढं यायला लागला, छोटासा घास करून, नुसता जिभेला लावून, आताच, आत्ताच, हा क्षण गेला तर, आणि तिनं तो हात ओढून मांडीखाली घातला आणि त्यावर भार देऊन बसली. बोट वर आलं. ओठांपाशी थांबलं. आत गेलं. पोराचा चेहरा असा काही वाकडा झाला की कोणालाही हसू यावं, डोळे गच्च मिटले, जीभ बाहेर, नळीच्या बाजूनं शेंबूड वाहायला लागला, अंग शहारलं. दारातून कौसल्याबाई धावत आल्या, अवो तिखट आहे ते, त्याले काहून दिलं, असं म्हणत होत्या, तर मोनालीनं नुसती मान हलवून त्यांना जागच्या जागी उभं केलं. पोराचा घसा वर गेला आणि खाली आला. ठसका नाही. त्यानं डोळे उघडले, पाण्यानं भरलेले, रागावलेले, आणि हात पुन्हा ताटात घातला, या वेळी सगळा पंजा.

तिच्या हातून नव्हे. पण त्या पोरीच्याही हातून नव्हे. मोनाली हसत होती की रडत होती ते मिरचीमुळं सांगता येत नव्हतं, आणि तिच्या गुडघ्यापासून दोन बोटं अंतरावर तिचं लेकरू आपल्या हातानं, आपल्या मर्जीनं, तिच्या ताटातलं खात होतं, तिला न विचारता, तिच्याकडे आता न पाहताही. इतकं सगळं मिळूनही तिला पुन्हा हेवा वाटला, त्या माखलेल्या, चिमुकल्या पंजाचा, की याला एवढं सहज जमतं त्याच्या तोंडापर्यंत जाणं. तिनं ताट त्याच्याकडे थोडं सरकवलं आणि दुसरा हातही मांडीखाली घेतला.